फळ्याला हात लावण्याचा हक्क

शाळेत यंत्र आले म्हणजे शिक्षण आले, असा एक सोयीचा समज राज्यकर्त्यांनी गेली पंचवीस वर्षे जोपासला आहे. आधी संगणक आला, मग प्रोजेक्टर आला, मग टॅब आला आणि आता भिंतीवर स्मार्ट बोर्ड आला. प्रत्येक वेळी फीत कापली गेली, नारळ फुटला, वर्तमानपत्रात फोटो छापून आला. परंतु यंत्र आल्यानंतर त्याला हात कोणी लावला, हा प्रश्न कोणी विचारला नाही. दारव्ह्यासारख्या तालुक्यातील शाळांबद्दल बोलताना आम्हाला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण हात लावण्याचा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग आमच्या वाचकांना पाठ आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावाचा स्पर्श होण्याआधी ते डबे बाजूला काढण्यासाठी मुले धावली. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात शिक्षणाचाही एक धडा आहे. फळा आणि खडू हे त्या काळचे वर्गातले तंत्रज्ञानच होते. सर्वांना फळा दिसत होता, मात्र त्यावर लिहिण्याचा हक्क सर्वांना नव्हता. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसणाऱ्या आणि शिपाई नसेल तर तहानलेल्या राहणाऱ्या मुलाला शाळेतील प्रत्येक वस्तूपासून अंतर राखून शिकावे लागले. पाहा, ऐका, पण शिवू नका, हीच त्या शिक्षणाची पद्धत होती.

आज कायद्याने शिवाशिव संपली आहे. पण ‘पाहा, ऐका, शिवू नका’ ही पद्धत संपली का? प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेला संगणक, मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाट, त्या कपाटात परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक, आणि तपासणीच्या दिवशी तेवढे उघडणारे ते कुलूप. ग्रामीण भागातील शाळा ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. वस्तू फुटली तर भरपाई कोण देणार, या भीतीने ती वापरलीच जात नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ती सुखरूप असते, मुलाच्या डोक्यात मात्र तिचा पत्ता नसतो. स्मार्ट बोर्ड आला तरी तेच. शिक्षक बटण दाबतात, पडद्यावर ज्वालामुखी उसळतो, मुले टाळ्या वाजवतात, तास संपतो. फळ्याच्या जागी पडदा आला, मुलगा होता तिथेच बसून आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथे जॉन ड्युई हे त्यांचे गुरू होते आणि आपल्यावर त्यांचे मोठे ऋण असल्याचे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये नमूद केले आहे. या ड्युईंचा लोकशाही आणि शिक्षण यावरील ग्रंथ १९१६ सालीच प्रसिद्ध झाला. मूल करून शिकते, अनुभव घेऊन त्यावर विचार करते तेव्हा शिकते आणि असे शिक्षण मिळालेले नागरिकच लोकशाही चालवू शकतात, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. म्हणजे ‘अनुभवातून शिक्षण’ हा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लावलेला शोध नव्हे. जो समाज हजारो वर्षे दुसऱ्याने सांगितलेले खरे मानून जगला, त्याने स्वतः तपासून पाहायला शिकणे, हे मुक्तीचे काम आहे. कालामांना उपदेश करताना बुद्धाने दुसरे काय सांगितले होते?

आता दारव्ह्याकडे वळू. हा काळ्या मातीचा, कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. ब्रिटिशांच्या काळात येथून कापूस वाहून नेण्यासाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे टाकली गेली. लोकांनी प्रेमाने तिला ‘शकुंतला’ म्हटले. दारव्ह्याच्या माणसांनी जवळपास शंभर वर्षे ते इंजिन पाहिले. जिनिंगमध्ये मजुरांनी यंत्राशी रोज झुंज घेतली. पण वाफेने चाक कसे फिरते, सरकीपासून रुई वेगळी करणारे यंत्र कोणत्या तत्त्वावर चालते, हे त्या मजुराच्या मुलाला कोणी समजावून सांगितले? यंत्र गावात आले, कापूस घेऊन गेले, ज्ञान मात्र येथे उतरले नाही. शकुंतला काही वर्षांपूर्वी बंद पडली. शाळेत येणाऱ्या नव्या यंत्रांचे असे होऊ द्यायचे नसेल, तर ती दारव्ह्याच्या मुलाच्या अनुभवाशी जोडावी लागतील.

हा अनुभव कोणता? त्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. २०१७ साली पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा बळी गेला. शेकडो लोक यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. चौकश्या झाल्या, अहवाल निघाले, फवारणीचे संरक्षक संच वाटले गेले. दोष कंपन्यांचा होता, विक्रेत्यांचा होता, झोपलेल्या प्रशासनाचा होता, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण एक प्रश्न शाळेलाही विचारावा लागेल. या जिल्ह्यात फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या किती जणांना बाटलीवरील त्रिकोणाच्या रंगाचा अर्थ शाळेने शिकवला होता? लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा, एवढी साधी गोष्ट. ‘हिरवा’ म्हणजेही विषच, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट.

आमच्या पाठ्यपुस्तकात गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा आहे. त्यात आंबे असतात, पेढे असतात, रेल्वेचा वेग असतो. तोच धडा दारव्ह्याच्या वर्गात वेगळ्या रीतीने घेता येतो. दहा लिटर पाण्यात २० मिलिलिटर औषध सांगितले असेल, तर १५ लिटरच्या पंपात किती टाकायचे? उत्तर ३० मिलिलिटर. टोपणाने अंदाजे ओतणारा बाप आणि मोजमापाने ओतणारा बाप यांच्यातला फरक कधीकधी जीव जाण्याएवढा असतो, हे त्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही. त्याने घरी पाहिलेले असते. येथे तंत्रज्ञानाने काय करावे? बाटलीवरील मुंगीएवढी अक्षरे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून वर्गाच्या पडद्यावर दाखवावीत, म्हणजे सारा वर्ग ती वाचेल. खरे औषध वर्गात आणण्याची मुळीच गरज नाही, फोटो पुरे आहे. मग बाजारातून आणलेल्या कोऱ्या फवारणीच्या बाटलीत निळ्या शाईचे पाणी भरावे, एका मुलाने पांढरा कागद अंगावर धरावा आणि वाऱ्याच्या दिशेने तसेच वाऱ्याच्या विरुद्ध फवारून पाहावे. दुसऱ्याने त्याचे मोबाईलवर चित्रण करावे आणि ते संथ गतीने पडद्यावर पाहावे. शाईचे थेंब कोठे जातात, तोंडावर किती, छातीवर किती, हे मोजावे. डोक्यावर गेलेल्या कपाशीत वाऱ्याच्या तोंडी उभा राहणारा माणूस काय श्वासात घेतो, हे समजण्यासाठी यापेक्षा चांगला धडा कोणता? यात पडदा आहे, कॅमेरा आहे, पण ते मुलाच्या प्रयोगाचे चाकर आहेत.

त्याच २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली. बोंडअळीचे पतंग पकडण्यासाठी कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले तर उपाय करण्याची वेळ आली, असा कृषिशास्त्राचा दंडक आहे. शाळेच्या कुंपणालगतच्या शेतात असे दोन सापळे लावले, सातवी-आठवीच्या मुलांनी रोज सकाळी पतंग मोजले, तो आकडा संगणकात भरला आणि त्याचा आलेख काढला, तर एका हंगामात त्या मुलांना सरासरी शिकवावी लागणार नाही. आलेखाची रेषा वर चढताना पाहून तेच घरी जाऊन सांगतील, आता लक्ष द्या. आणि रेषा खाली असेल तर तेच सांगतील, उगाच फवारू नका, पैसा आणि जीव दोन्ही वाचवा. शाळेतला संगणक त्या दिवशी खऱ्या अर्थाने गावाचा होईल.

परंतु येथे आम्ही चळवळीच्या वाचकांना सावधही करू इच्छितो. ‘अनुभवातून शिक्षण’ हा शब्द गोड आहे आणि गोड शब्दांनी आमची फसवणूक यापूर्वीही झाली आहे. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारी यांनी अशी योजना आणली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकावा. चांभाराच्या मुलाने चामडे, कुंभाराच्या मुलाने माती आणि पुरोहिताच्या मुलाने? पेरियार यांनी या योजनेविरुद्ध रान उठवले, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले आणि १९५४ साली कामराज यांनी ती योजना रद्द केली. आमच्या शेजारच्या वर्ध्यातून १९३७ साली निघालेल्या नई तालीमच्या टकळीकडेही बहुजनांनी याच संशयाने पाहिले. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकण्याची कल्पना आहे. शहरातील डॉक्टरच्या मुलासाठी ती सहल ठरेल. दारव्हा तालुक्यातील तांड्यावरच्या, मायबापाबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलासाठी तो अनुभव आहे की नशीब?

आमच्या मुलांकडे अनुभवाचा तुटवडा नाही. निंदण, वेचणी, गुरे, पाणी भरणे, लहान भावंड सांभाळणे, या सर्वांचा अनुभव त्यांना दहाव्या वर्षीच आलेला असतो. तुटवडा आहे तो त्या अनुभवाचा अर्थ लावणाऱ्या ज्ञानाचा. हातांना काम होते, अक्षर नव्हते, हाच आमचा इतिहास आहे. म्हणून अनुभवातून शिक्षण याचा अर्थ मुलाला पुन्हा शेतात पाठविणे असा आम्ही कदापि मान्य करणार नाही. शेतातला अनुभव वर्गात आणून त्यावर गणित, विज्ञान, भाषा आणि संगणक यांचा प्रकाश टाकणे, असा त्याचा अर्थ आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे असे मागितले होते. त्यांनी ‘किंवा’ म्हटले नव्हते, ‘आणि’ म्हटले होते. या ‘आणि’साठीच आमचा आग्रह आहे.

हे जमते का? जमते, याचे पुरावे आमच्याच महाराष्ट्रात आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली खेड्यातील मुले तेथे जोडकाम, वीजकाम, शेती, बांधकाम करता करता त्यामागचे विज्ञान शिकली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली, म्हणजे संगणकावर आराखडा काढायचा आणि यंत्रावर वस्तू तयार करायची अशी कार्यशाळा. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमाने स्वस्त साहित्याच्या पेट्या मुलांच्या हाती दिल्या आणि परीक्षेतही पुस्तक उघडून प्रयोग करण्याची मुभा दिली. पुढे तो शेकडो शाळांत पसरला आणि २००२ साली सरकारने तो बंद केला. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, स्ट्रॉ आणि टाकाऊ बाटल्या यांतून विज्ञान उभे करून दाखवले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश यांनी २०१४ साली कागदाचा सूक्ष्मदर्शक पुढे आणला. त्याच्या साहित्याचा खर्च एका डॉलरच्या आसपास. अडाण नदीच्या पाण्याचा एक थेंब त्यातून पाहणाऱ्या मुलीला पाणी उकळून का प्यावे यावर भाषण ऐकावे लागणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही खेड्यातील शाळेतूनच.

आणखी एक उदाहरण आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १९८० च्या दशकात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. मुले बुद्धीने कमी नव्हती. पुस्तकाची भाषा त्यांच्या घरची नव्हती आणि प्रयोग करण्याची, प्रश्न विचारण्याची संधी त्यांना मिळालेली नव्हती. हे दोन अडसर दूर केल्यावर तीच मुले पुढे जाताना दिसली. गुणवत्तेच्या नावाने आमच्या आरक्षणावर बोट ठेवणाऱ्यांना हे उत्तर आहे. गुणवत्ता कपाटात कुलूपबंद असेल तर ती मुलात दिसणार कशी? दारव्ह्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की तांड्यावरील गोरमाटी बोलणाऱ्या मुलासाठी पडद्यावरची पुस्तकी मराठीही परकीच आहे. शिक्षकाने चित्रफितीचा आवाज बंद करून मुलांनाच त्यांच्या बोलीत ती सांगायला लावली, तर तंत्रज्ञानाचा अर्धा उपयोग तेथेच झाला.

याच्या उलट जे घडले त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली, मराठी मुलांसाठी तिने शैक्षणिक कार्यक्रम तयार केले आणि २०१७ साली सरकारने तिला टाळे लावले. २००४ साली शिक्षणासाठी खास एज्युसॅट उपग्रह आकाशात गेला, खाली अनेक ठिकाणी संच धूळ खात पडले. शाळांत संगणक कक्ष खासगी कंपन्यांमार्फत आले, मुदत संपली आणि तुटपुंज्या मानधनावरचे कंत्राटी संगणक शिक्षक घरी बसले. २००७ साली रायगड जिल्ह्यातील एका छोट्या वाडीत प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला, तो राज्यभर काही पोहोचला नाही. २०१५ नंतर लोकवर्गणीतून डिजिटल शाळा झाल्या. म्हणजे टीव्हीसाठी पैसा मजुरांनी दिला आणि श्रेय मात्र भलत्यांनीच घेतले. पुढे वीजबिल थकले म्हणून अनेक जिल्हा परिषद शाळांची जोडणी तोडली गेली. २०१७ साली दीक्षा ॲप आले, पुस्तकात क्यूआर कोड छापले गेले. २०२० साली कोरोनाने शाळा बंद केल्या, तेव्हा ज्या घरात एकच मोबाईल होता आणि तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात होता, त्या घरातील मुलीचे शिक्षण त्या दिवशीच थांबले.

यातून आम्ही काही मागण्या मांडतो. पहिली, कपाटे उघडा. मुलांच्या हातून वस्तू फुटली तर ती शिक्षणाचा खर्च मानून माफ करा, शिक्षकाच्या पगारावर तो बोजा टाकू नका. दुसरी, यंत्राबरोबर दुरुस्तीची आणि वीजबिलाची तरतूद कायमची करा. तिसरी, रिक्त पदे भरा आणि शिक्षकांना याद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या वेठबिगारीतून सोडवा. प्रयोग घ्यायला वेळ लागतो, चित्रफीत लावायला लागत नाही, म्हणूनच थकलेला शिक्षक चित्रफीत लावतो. चौथी, संगणकाला कोणी किती वेळ हात लावला याची नोंद हजेरीपटाप्रमाणे ठेवा. नाहीतर माऊस पाटलाच्या मुलाच्या हाती आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावणारे, मुली तर त्याहून मागे, हेच घडते. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, पडदा दाखवून शाळा बंद करू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. राज्यात तेव्हा अशा शाळा सुमारे १५ हजार होत्या. त्या कोणाच्या वस्तीत आहेत, हे सांगण्याची गरज नाही. मोठ्या शाळेत चांगली प्रयोगशाळा असेल, हे खरे. पण पाच किलोमीटर चालून तेथे पोहोचणार कोण? मुलगी नक्कीच नाही.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात दाखवून दिले होते की पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत टिकतात. शाळेत आलेले मूल टिकले पाहिजे, शिकूनच बाहेर पडले पाहिजे, यासाठी त्यांचा आग्रह होता. आज पट शंभर टक्के दाखवला जातो. वर्गात बसून काहीच न शिकणे ही गळतीच आहे, फक्त ती आकड्यात दिसत नाही.

सरकारकडे मागावे आणि हात जोडून बसावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. दारव्हा, लाडखेड, बोरी अरबच्या आमच्या किती कार्यकर्त्यांनी या समितीच्या बैठकीत बसून डेडस्टॉक रजिस्टर मागितले आहे? शाळेला काय मिळाले, त्यातले काय चालू आहे, मुलांनी ते शेवटचे कधी वापरले, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहे. आणि १४ एप्रिलच्या वर्गणीतला निम्मा पैसा डीजेच्या भिंतीवर उधळण्याऐवजी वस्तीतील विहारात एक जुना संगणक, दोन कागदी सूक्ष्मदर्शक, एक पर्जन्यमापक आणि चार तराजू आले, तर संध्याकाळी तेथे कुलूप नसलेली प्रयोगशाळा सुरू होईल. ती चालवायला वस्तीतील बारावी विज्ञान झालेली एखादी मुलगी पुरे.

पुढील शालेय वर्षात व्यवस्थापन समितीची पहिली बैठक लागेल, तेव्हा मजुरी बुडवून जाणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. तरीही आईबापांनी जावे. सोबत आपल्या मुलीला न्यावे, आणि साहेबांनी संगणक दाखवला की तो तिलाच सुरू करायला सांगावे. तिला तो सुरू करता आला तर शाळा चालू आहे असे समजावे.